जहाजावरून आलेले प्रयोग

इसाओ आणि मी एकाच शाळेतले. तो माझ्या पुढे दोन इयत्ता. त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला नावानेच हाक मारायचे आणि सासूबाई दर वेळी डोळे वटारायच्या.

"नवरा दोन वर्षांतून एकदा दिसतो. तेवढ्यापुरतं तरी अहो म्हणत जा."

"आई, एवढ्याशा दिवसांत अहो-जाहो करायला वेळ कुठे आहे?" मी म्हणायचे.

आमच्या कुशिकिनो या मच्छीमारांच्या बंदरगावातल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा. ट्यूना पकडायला लांब जाणारी जहाजं एकदा बंदराबाहेर पडली की दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नसत. हिंदी महासागर, केप टाउनच्या खालचा समुद्र, कधी पार अटलांटिक. मग महिना-दीड महिना घरी, की पुन्हा रवाना. इसाओ काइशो-मारू नावाच्या जहाजावर आचारी होता. वीस-बावीस दांडग्या माणसांना तो तीन वेळा जेवू घालायचा, आणि घरी आला की दोन बायका आणि एक मूल असलेल्या घरात हात कुठे ठेवावेत हे त्याला कळायचं नाही.

ते मूल म्हणजे आमची नागिसा. ती रांगत असताना तो गेला, आणि परत आला तेव्हा ती तीन वर्षांची झाली होती. बंदरावर ती माझ्या गुडघ्यांमागे लपली. घरी आल्यावर तिने मला बाजूला ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, हे काका जेवायला थांबणार?"

इसाओने वाटेतल्या लास पाल्मास बंदरातून तिच्यासाठी एक बाहुली आणली होती, काळ्या कुरळ्या केसांची, मिचमिच डोळे मिटणारी. नागिसा तिला बघून जी रडायला लागली ती थांबेना. शेवटी सासूबाईंनी बाहुली कपाटात टाकली.

चार दिवस असेच गेले. तो खोलीत आला की ती बाहेर. पाचव्या दिवशी मी इस्त्री करत बसले होते. इसाओ स्वयंपाकघरात गेला. तिथे गेला की त्याचे खांदे जरा सैल पडायचे. त्याने काचेच्या उंच ग्लासात गोड सोडा ओतला, त्यात मूठभर मनुके टाकले आणि टेबलावर हनुवटी टेकून बसला. नागिसा दाराआड उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मनुक्यांशी बोलत होता, जणू तेच जहाजावरचे सोबती.

"ए हामासाकी, वर ये. शाबास. आता खाली जा, गळाचा दोर ओढायचाय. कॅप्टन, तुम्हीही चला. आणि हा कोण आळशी? अजून झोपलाय वाटतं."

मनुके तळाशी जात, त्यांना बुडबुडे चिकटत, मग ते डुलत डुलत वर येत, वर बुडबुडे फुटत आणि पुन्हा खाली. नागिसा पाऊल पाऊल करत टेबलापर्यंत आली.

"त्यांना पोहता येतं?"

"येत नाही. म्हणून पाठीला हवेचे फुगे बांधतात. वर गेलं की फुगे फुटतात आणि पठ्ठे बुडतात."

"मग?"

"मग पुन्हा बांधतात."

तिने बराच वेळ पाहिलं. "आणि तुम्ही यात कुठले?"

इसाओने तळाला बसलेला एक गलेलठ्ठ मनुका दाखवला. "हा मी. आचारी. चाखून चाखून एवढा जड झालोय की वरच येता येत नाही."

नागिसाने बाही वर केली, ग्लासात कोपरापर्यंत हात घातला, तो मनुका काढला आणि तोंडात टाकला.

"अगं! बाबाला खाल्लंस?"

"हो."

"मग आता बाबा कुठे राहणार?"

"पोटात," ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर एवढी हसली की तिला उचकी लागली. त्या दिवसापासून ते काका गेले. बाबा आला, आणि बाबाला ती अरे-तुरे करायला लागली.

मला तेव्हा फार आनंद झाला. त्याच्या सुट्टीतले तीन-चार आठवडे तेवढे उरले होते, हे मात्र आनंदात लक्षात आलं नाही.

जहाजावरून फोन यायचा तो रेडिओवरून. आधी किनाऱ्यावरच्या केंद्रातली ऑपरेटर बाई सांगायची, "काइशो-मारू आहे, जोडते." मग खरखर, आणि मग इसाओचा आवाज, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. एका वेळी एकालाच बोलता यायचं. आपलं संपलं की 'बोला' म्हणायचं, मग पलीकडच्याने सुरुवात करायची. आणि त्याच लहरीवर आसपासची जहाजं कान लावून बसलेली. आमच्या गल्लीतसुद्धा दोघी-तिघींकडे तसले रेडिओ होते. अशा वेळी नवऱ्याशी काय बोलणार? "तब्येत बरी आहे. छपराचं काम झालं. आईंचा गुडघा दुखतो. बोला." महिनाभर जे त्याला सांगायचं म्हणून मनात साठवलेलं असायचं ते रिसीव्हर ठेवल्यावर आठवायचं. मग मी भांडी घासत घासत ते नळाला सांगायचे.

नागिसाला मात्र लाज-बीज काही नव्हती. ती चार वर्षांची असताना एकदा इसाओने तिला फोनवर बोलावलं.

"नागिसा, आईकडून एक अंडं माग. कच्चं. ग्लासात ठेव आणि बुडेल एवढं व्हिनेगर ओत. मीही इथे एक ठेवतो. पुढच्या फोनला सांगायचं, कुणाचं काय झालं. बोला."

"फुटलं तर आजी ओरडेल. बोला."

तेवढ्यात तिसराच भसाडा आवाज मध्ये आला. "आजीला सांग, हामासाकीकाकाने करायला सांगितलंय. बोला."

हामासाकी जहाजावरचा पहिला अधिकारी. इसाओचा मित्र, आणि गावातला सगळ्यात बडबड्या माणूस.

आम्ही अंडं ठेवलं. त्याच्यावर बारीक बुडबुडे धरले, मग तपकिरी फेस आला. सासूबाई नाक धरून फिरत होत्या. "अन्न नासवायचे धंदे. बाप तिकडे, मुलगी इकडे." पण ग्लासाजवळून जाताना वाकून बघायच्या जरूर. मी एकदा व्हिनेगर बदललं. तिसऱ्या सकाळी कवच पार विरघळून गेलं होतं. नागिसाने ते तळहातावर घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. आतला पिवळा बलक ढगाआडच्या सूर्यासारखा दिसत होता.

"आई, हे उघडं पडलंय. याला थंडी वाजेल."

तिने त्याला आपली लोकरीची टोपी घातली. दोन दिवस ते अंडं टोपीत राहिलं. मग सासूबाई त्यावर बसल्या. पुढचं सांगायला नको.

पुढच्या फोनला नागिसा धावत आली. "बाबा, माझं अंडं मऊ झालं आणि मोठं झालं. मग आजी बसली. तुझं? बोला."

"माझंही मऊ झालं होतं. पण लाटा आल्या. ते टेबलावरून घरंगळलं, जमिनीवरून एक उडी मारली आणि थेट कॅप्टनच्या बुटात. कॅप्टनने बूट घातला. बोला."

आणि मग फोनवर हसण्याचा गलका उठला. हसणारा एकटा हामासाकी नव्हता. कुणीतरी अनोळखी म्हणालं, "आमचं अजून शाबूत आहे, बोला." दुसरा म्हणाला, "आमचं फुटलं. माझ्या मुलाला कसं सांगू? बोला." तेव्हा कळलं, आजूबाजूच्या आणखी दोन जहाजांवर माणसांनी चोरून ऐकून अंडी व्हिनेगरमध्ये बसवली होती. भर समुद्रात, कुणाचं पोर कुठे, कुणाचं कुठे, आणि हे बाप्ये ग्लासात डोकावत बसलेले.

फोन ठेवल्यावर नागिसा म्हणाली, "आई, बाबा फोनमध्ये एवढा लहान कसा होतो?"

तो पुन्हा आला तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. या खेपेला तिने बंदरावर त्याला लांबून ओळखलं आणि अशी धावली की मीच मागे पडले. मे महिना तोंडावर होता. सासूबाई राखेचं पाणी गाळत बसल्या होत्या. त्या पाण्यात चिकट तांदूळ भिजवून, बांबूच्या सालीत बांधून, तासन् तास उकडून अकुमाकी करतात, ते मेमधल्या मुलांच्या सणाचं पक्वान्न.

इसाओने जांभळी रताळी उकडली आणि त्यांचं पाणी चहाच्या पेल्यांत ओतलं. एकात पोंकान संत्र्याचा आंबट रस पिळला. पाणी गुलाबी झालं. नागिसाचे डोळे गोल. मग त्याने सासूबाईंच्या भांड्यातलं राखेचं पाणी चमच्याने घेतलं. "याला बोट लावायचं नाही, झोंबेल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पेल्यात टाकलं. पाणी हिरवं झालं.

"माझं राखेचं पाणी!" सासूबाई ओरडल्या. मग पेल्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, बरणीतून खारवलेल्या आंबट उमे-फळाचा रस घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरका. याने काय होतं बघू." सगळ्यांत गडद गुलाबी त्यांचं आलं. दिवसभर त्या ते शेजारणींना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी नागिसाने हट्ट धरला की समुद्राचा रंग बघायचा. बापलेक बादली घेऊन धक्क्यावर गेले. मीही गेले. तिने पेलाभर समुद्राच्या पाण्यात जांभळं पाणी ओतलं आणि ते हळूहळू निळं झालं.

"बाबा, हा आपला समुद्र. तू जातोस तो समुद्र कुठल्या रंगाचा होतो?"

"कधी पाहिलं नाही बुवा."

"मग आण ना. बाटलीत भरून आण. मी सांगते तुला."

"आणतो."

"नक्की?"

"नक्की."

जहाज सुटताना आमच्याकडे रंगीत कागदी फिती धरतात. एक टोक जहाजावरच्या माणसाकडे, एक धक्क्यावरच्याकडे. जहाज लांब जातं तशा फिती ताणतात आणि तुटतात. नागिसाने आपली फीत इतकी सैल सोडत नेली, इतकी जपून, की ती सगळ्यांच्या नंतर तुटली. तिला वाटलं, ती जिंकली.

त्या खेपेला जहाज लवकर परतलं नाही. मासे मिळत नव्हते, मग केप टाउनला इंजिन दुरुस्तीला लागलं, मग कंपनीने आणखी एक हंगाम थांबायला सांगितलं. अडीच वर्षं उलटून गेली. नागिसा शाळेत जायला लागली. तिचे पुढचे दात पडले आणि नवे आले. सायकल शिकली. लांब केस नको म्हणाली, मी कापून दिले. तिला मैत्रिणी झाल्या, अबॅकसचा क्लास लागला. फोन आला की आधी धावत यायची, मग चालत यायला लागली, मग आतूनच म्हणायला लागली, "गृहपाठ करतेय म्हणून सांग."

इसाओ विचारायचा, "ती कशी आहे? बोला."

"मोठी होतेय. बोला." एवढंच मला त्या खरखरीत सांगता यायचं.

शेवटी काइशो-मारू आलं, नोव्हेंबरात. आम्ही धक्क्यावर उभ्या होतो. इसाओ उतरला, मला पाहिलं, हसला, आणि त्याची नजर माझ्या कमरेच्या उंचीवर फिरायला लागली. तो साडेपाच वर्षांची मुलगी शोधत होता. नागिसा त्याच्या पुढ्यात उभी होती, माझ्या खांद्याला लागलेली. तो तिच्यावरून पलीकडे बघत होता.

"बाबा," ती नीट वाकून म्हणाली, "तुमचा प्रवास कसा झाला?"

तुमचा. मी ते ऐकलं, त्यानेही ऐकलं. तो म्हणाला, "छान झाला," आणि मग त्यानेही थोडं वाकून नमस्कार केला, नवी ओळख होताना करतात तसा.

घरी त्याने पिशवी उघडली. जुन्या शर्टांत गुंडाळलेल्या सोया सॉसच्या बाटल्या निघाल्या, स्वच्छ धुतलेल्या, मेण लावून बुचं बसवलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी: केपच्या दक्षिणेला. मादागास्करजवळ. लास पाल्मासबाहेर. नागिसाने एकेक वाचली.

"तू... तुला समुद्राचे रंग बघायचे होते ना?" तो म्हणाला.

ती क्षणभर गोंधळली. तिला आठवत नव्हतं हे मला दिसलं. पण मुलगी चांगली होती, म्हणाली, "हो का? थँक्यू, बाबा. ते आम्ही शाळेत केलं, लाल कोबीचं. मी नंतर बघते हं. आता क्लास आहे."

बाटल्या खिडकीत राहिल्या. आठवडा गेला. एका दुपारी मी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात जांभळी रताळी उकडत होती. इसाओ पेले मांडत होता.

"तिला बोलवू?"

"नको. अभ्यास करतेय."

मी त्याच्यासमोर बसले. त्याने बाटल्यांची बुचं काढली, प्रत्येक पेल्यात पाणी ओतलं, शेवटचा आमच्या धक्क्यावरच्या पाण्याचा. मग रताळ्याचं पाणी घातलं. आम्ही दोघं बघत बसलो. सगळे पेले निळे झाले. थोडा इकडे, थोडा तिकडे, पण निळेच.

"सगळे सारखेच," मी म्हणाले.

"हो. मला वाटलंच होतं."

"मग एवढ्या बाटल्या दोन वर्षं का वागवल्यास?"

"तिने सांगितलं होतं ना." तो पेले सरळ रेषेत सरकवत राहिला. "चिगुसा, बाटली भरताना ती मला दिसायची. बादली घेऊन. नाक असं वर करून. मी तिला काय काय सांगायचं ते ठरवायचो, स्वयंपाकाच्या गॅलीत हामासाकीला समोर बसवून सगळं आधी करून बघायचो. ती मुलगी मला आता कुठे भेटणार?"

"वर माडीवर आहे."

"ती वेगळी आहे. चांगली आहे, हुशार आहे. पण तिची माझी ओळख नाही. जिच्याशी होती ती गेली, आणि जाताना मला दिसलीही नाही."

"मी पाहिलं," मी म्हणाले. आणि मला वाटलं, आता सगळं सांगावं. मी सांगायला लागले. सायकलवरून ओढ्यात पडली ते. पहिला दात गिळला आणि घाबरून बसली ते. शाळेच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली आणि दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही ते. इसाओ उपाशी माणसासारखा ऐकत होता. "मग? मग ती काय म्हणाली?" आणि मला ते आठवेना. मी दिवसन् दिवस तिच्या बरोबर होते, पण संध्याकाळी ज्याला सांगावं तो माणूस नसला की दिवस नुसते निघून जातात, मनात टिकत नाहीत. ते मला त्या टेबलाशी कळलं. आमच्या दोघांचंही तेच हरवलं होतं.

नागिसा पाणी प्यायला खाली आली. पेल्यांकडे बघून म्हणाली, "सगळे सारखे आले?"

"हो."

"मग बरोबर आहे." तिने फ्रिजमधून जवाचा गार चहा ओतून घेतला आणि वर गेली.

इसाओने एकेक पेला मोरीत ओतला. घाई न करता, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

पुढच्या खेपेला गेला तेव्हा फोनवर तो नागिसाला बोलावेनासा झाला. विचारायचा फक्त. ती नऊची झाली, दहाची झाली. एका रविवारी दुपारी फोन आला. मी सवयीने रिसीव्हर तिच्याकडे केला, ती मान हलवून नको म्हणेल असं धरूनच. तिने तो घेतला.

"बाबा, मी नागिसा. एक विचारायचंय. तुम्ही घरी येता तेव्हा काहीतरी प्रयोग करून दाखवता. मग जाता. प्रयोग केले नाहीत तर चालेल मला. तुम्ही नुसते राहायला येऊ शकता का? बोला."

पलीकडे खरखर. काहीच नाही. मी तिच्या कानाजवळ कान नेला. नेहमी त्या लहरीवर कुणी ना कुणी खोकायचं, हसायचं, टोमणा मारायचं. त्या दिवशी एवढ्या जहाजांपैकी एकावरूनही हूं की चूं नाही. शेवटी ऑपरेटर बाईचा आवाज आला, "काइशो-मारू, ऐकू येतंय का?"

मग कुणीतरी घसा साफ केला. हामासाकी.

"पोरी, तुझा बाप गॅलीत गेलाय. कांदे चिरायचे आहेत म्हणाला. ढीगभर आहेत. त्याने ऐकलंय सगळं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय. बोला."

"बरं," नागिसा म्हणाली. मग म्हणाली, "बोला." पण बोलायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तोकुबाई गरम त्सुकेआगे घेऊन आल्या, माशाच्या गोड वड्या. त्यांच्याकडे रेडिओ होता. "जास्त झाल्या होत्या आमच्याकडे," म्हणाल्या, आणि नागिसाच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्यांचा नवरा तेव्हा अटलांटिकमध्ये होता.

पुढच्या वसंतात इसाओ आला तो सगळं सामान घेऊन. सुऱ्या, चिरायची फळी, कढई, रबरी बूट. गावातल्या शाळांचं जेवण जिथे शिजतं तिथे त्याला काम मिळालं. का सोडलंस, असं त्याला आम्ही कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आता रोज तुझं तोंड बघायचं." आणि देवापुढे दिवा लावायला गेल्या.

एखाद्या गोष्टीत असतं तसं लगेच सगळं गोड झालं नाही. तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठून खुडबुड करायचा. भाजीत वीस माणसांचं मीठ टाकायचा. नागिसा त्याला तुम्हीच म्हणायची. बाप पांढरी टोपी घालून शाळेत डबे उतरवतो, हे मैत्रिणींना कळलं तेव्हा दोन दिवस घुश्श्यात होती. जेवताना तिघी आणि तो, वाट्यांचे आवाज तेवढे. आणि माझं म्हणाल तर, रविवारी दुपारी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. फोन कुणाचा तरी भलत्याचाच असायचा. ज्याची वाट बघायची तो तर अंगणात कपडे वाळत घालत असायचा. एवढ्या वर्षांची वाट बघण्याची सवय कुठे नेऊन ठेवायची, हे मला कळत नव्हतं. कधी कधी तो समोर बसलेला असताना मला त्या डब्यातल्या आवाजाची आठवण यायची. हे मी त्याला कधी बोलले नाही.

पाचवीत असताना नागिसा एके दिवशी शाळेतून तणतणत आली. विज्ञानाच्या तासाला कारुमेयाकी केली होती. पळीत साखरेचा पाक उकळवायचा, योग्य वेळी खाली उतरवून त्यात चिमूटभर खायचा सोडा घोटायचा, की तो फुगून टम्म जाळीदार वडी होते. सगळ्यांची फुगली होती. तिची बसली होती.

"बाबा, ही का बसते?"

इसाओ मुळा किसत होता. तो थांबला. आजवर त्याने तिला जे दाखवलं ते आधी दहादा जहाजावर करून पाहिलेलं असायचं. "मला नाही माहीत," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. मी कधी केली नाही."

मग दप्तर खाली टाकून तिने पळी काढली. "साखर कुठे आहे?"

पहिली वडी फुगली आणि फुस्स झाली. दुसरी करपली. तिसरी पळीलाच चिकटली. स्वयंपाकघर धुराने भरलं.

"तुम्ही जास्त घोटता. एकदा फुगली की हात काढायचा."

"तू सोडा लवकर घातलास. पाक अजून पातळ होता."

"पातळ नव्हता! तार येत होती. तुम्हाला चष्मा लागलाय."

"चष्मा तुझ्या आजीला लागलाय."

"माझं नाव घेऊ नका," सासूबाई आतून म्हणाल्या, "आणि माझी साखर किती उरली ते सांगा."

साखर संपली होती. ताटलीत पाच चपट्या, काळपट चकत्या पडल्या होत्या. इसाओने पळी पाण्यात टाकली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि सहज म्हणाला, "उद्या येताना साखर आणतो. उद्या परत करू."

"उद्या माझं पोहणं असतं," नागिसा पळीच्या कडेची करपलेली साखर नखाने खरवडत म्हणाली. "परवा?"

"परवा चालेल."

मी खिडकी उघडली. धूर हळूहळू बाहेर गेला. मग मी त्यांच्याजवळ बसले आणि एक चकती तोडून खाल्ली. कडू होती, आणि तिच्या मधोमध थोडी गोड.